यंत्राने आखलेली वास्तू : कोपरगाव परिसरातील साखर कारखाने

कोपरगाव तालुक्यातील साखर कारखान्यांच्या इमारती कोणा एका वास्तुविशारदाने एका बैठकीत आखलेल्या नाहीत. ऊस कोणत्या वाहनातून येतो, चरकाला जोर कुठून मिळतो, रस किती उंचीवरून खाली उतरतो आणि बॉयलरमधील वाफ किती दाबाची आहे, या गोष्टींनी त्यांची लांबी, उंची आणि मांडणी ठरवली. यांपैकी एकही गोष्ट बदलली की कारखान्याचा एखादा भाग अपुरा पडतो, एखादा रिकामा होतो आणि एखादा नव्याने उभा राहतो. गोदावरीच्या दोन्ही काठांवर सुमारे नव्वद वर्षांत हे अनेकदा घडले आहे. म्हणून येथील कारखान्याचा नकाशा वाचणे म्हणजे साखर उत्पादनाच्या तंत्राचा इतिहास वाचणे होय.

तालुक्यात ऊस वाढला तो कालव्यांमुळे. हा प्रदेश पर्जन्यछायेतला. वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि कोपरगावचा माल बाहेर जाण्याची सोय झाली, पण पाण्याची सोय विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत झाली. नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले आणि त्यांना पाणी पुरवणारे दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले. बारमाही पाणी मिळताच काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. त्याचा सुरुवातीचा बराचसा भाग गुऱ्हाळांत गेला.

गुऱ्हाळाला इमारत नव्हती आणि तिची गरजही नव्हती. फडाच्या कडेला चरक रोवायचा, बैल जुंपायचे, जमिनीत खणलेल्या चुलवाणावर काहील चढवायची आणि वर गवताचा किंवा पाचटाचा मांडव घालायचा. लाकडी चरकाच्या जागी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडी चरक आला, रस जास्त निघू लागला, पण मांडणी बदलली नाही. बैलाच्या फेऱ्याइतके मोकळे वर्तुळ, रसाचे पिंप, चुलवाण, गूळ ओतायचा वाफा आणि चिपाडे वाळवायला जागा, एवढाच पसारा. रस काहिलीत उघड्या आचेवर आटत असल्याने सगळे काम जमिनीलगत चाले. काहील उतरवताना चार-सहा माणसांनी ती पेलून वाफ्याकडे न्यायची, म्हणून चुलवाण उंच असून चालत नसे. हंगाम संपला की चरक उपटून दुसऱ्या फडावर नेता येई.

साखरेचे तंत्र याच्या नेमके उलट आहे. ते वास्तूला उंच नेते. इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉवर्ड याने १८१२-१३ मध्ये बंद भांड्यात, हवा काढून घेऊन रस आटवण्याची रीत शोधली. निर्वातात रस साठ-पासष्ट अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळतो, त्यामुळे साखर करपत नाही आणि रवा पांढरा राहतो. अमेरिकेतील लुइझियानात नॉर्बर्ट रिलिय याने १८४३ मध्ये अनेक भांडी एकामागे एक जोडून पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला तापवण्यासाठी वापरली. एक किलो वाफेत चार भांड्यांच्या संचाने जवळपास चार किलो पाणी उडवता येऊ लागले. पुढे १८५२ मध्ये डेव्हिड वेस्टन याने हवाई बेटांत वरून टांगलेले सेंट्रिफ्युगल यंत्र बनवले आणि रव्यापासून मळी मिनिटांत वेगळी होऊ लागली. निर्वात पॅन, बहुविध बाष्पीकरण आणि टांगते सेंट्रिफ्युगल ही तीन यंत्रे एकत्र आली तेव्हा आजच्या कारखान्याचे रूप नक्की झाले. गोदावरीकाठी आलेले कारखाने हे रूप तयार असतानाच आले.

या यंत्रांनी इमारतीची उंची कशी बांधून टाकली, ते समजून घेण्यासारखे आहे. पॅनमधून निघणारी वाफ थंड पाण्याच्या फवाऱ्यात विरवली की पॅनमध्ये निर्वात टिकतो. हे काम कंडेन्सर करतो. विरलेले पाणी एका उभ्या नळाने खाली हौदात पडते. आत हवा नसल्याने बाहेरची हवा हौदातले पाणी त्या नळात वर ढकलते; समुद्रसपाटीला ते सुमारे १०.३ मीटर चढते, तर कोपरगावसारख्या सुमारे पाचशे मीटर उंचीवरील गावी ९.७ मीटरच्या आसपास. कंडेन्सर याहून खाली ठेवला तर पाणी उलटे पॅनमध्ये शिरेल. म्हणून तो हौदापासून साडेदहा-अकरा मीटर वर बसवावाच लागतो. साखर कारखान्याचे बॉयलिंग हाऊस दुरूनही उंच दिसते, त्याचे एक कारण हवेच्या दाबात आहे. तेथे हौसेला वाव नाही.

दुसरे कारण गुरुत्वाकर्षण. पॅनमध्ये तयार झालेले मॅसेक्विट म्हणजे रवा आणि मळी यांची घट्ट राब. ती पंपाने ढकलणे अवघड आणि त्यात रवा मोडण्याचे भय. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे तिला खाली पडू देणे. त्यामुळे पॅन सर्वांत वरच्या मजल्यावर, त्याखाली राब निववणारे क्रिस्टलायझर, त्याखाली सेंट्रिफ्युगल यंत्रे आणि तळाशी साखर नेणारा हलता पट्टा अशी उतरंड ठरली. पॅनना पाक आणि मळी पुरवणाऱ्या टाक्या त्यांच्याही वर. पातळ रस आणि पाक पंपाने चढतात, दाट माल आपल्या वजनाने उतरतो. सुकलेली साखर एकदा बादल्यांच्या एलेव्हेटरने पुन्हा वर जाते, चाळणीवरून मोठा, मध्यम व बारीक रवा वेगळा होतो आणि ती पोत्यात पडते. कारखान्याचा उभा छेद काढला की मालाच्या या खेपा सरळ दिसतात.

मुंबईच्या गिरणगावाशी याची तुलना केली तर फरक लक्षात येतो. तिथल्या कापडगिरण्याही बहुमजली होत्या, पण कारण वेगळे. एका मोठ्या वाफेच्या इंजिनाचा जोर दोरखंडांनी प्रत्येक मजल्यावरच्या लांब दांड्याला आणि तिथून पट्ट्यांनी एकेका यंत्राला पोचवावा लागे. इंजिनापासून दूर जावे तसा जोर वाया जाई, म्हणून यंत्रे एकावर एक रचणे फायद्याचे होते. टाटांची जलविद्युत १९१५ पासून मुंबईत येऊ लागली, यंत्रांना स्वतंत्र मोटारी बसू लागल्या आणि ही बांधिलकी सुटली. अमेरिकेत फोर्डचा हायलंड पार्क येथील कारखाना १९१० मध्ये बहुमजली उभा राहिला. १९१३ मध्ये त्यात सरकती जुळणीरेषा आली आणि पुढचा रूझ नदीकाठचा विस्तार फोर्डने मुख्यतः एकमजली इमारतींचा केला. विजेची मोटार आल्यावर बहुतेक कारखाने जमिनीवर पसरले. साखर कारखाना मात्र उंचच राहिला, कारण त्याची उंची शक्तीच्या वहनावर अवलंबून नव्हती.

बेलापूर कंपनीचा हरेगाव येथील कारखाना हा अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील साखर उद्योगाचा पहिला मोठा प्रयोग. १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने आयात साखरेवर संरक्षक कर बसवला आणि देशभर कारखान्यांची लाट आली. त्या लाटेत पुणतांब्याजवळ चांगदेवनगर, दहाणूकरांचे टिळकनगर आणि १९३९ मध्ये करमशी जेठाभाई सोमैया यांची गोदावरी शुगर मिल्स उभी राहिली. गोदावरी शुगर मिल्सचे दोन कारखाने होते, वारी-कान्हेगावजवळचे साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी. ही नावे गावांची म्हणून रुळली, पण ती वसली कारखान्याभोवती.

या पिढीच्या कारखान्यांची रचना मळेवजा होती. कंपनीने हजारो एकर जमीन खंडाने किंवा विकत घेतलेली, ऊस स्वतःचा, कारखाना त्याच्या मधोमध. मळ्यांतून अरुंद रुळांची ट्रॉली लाइन ऊस आणी आणि रूळ थेट गव्हाणीपाशी, म्हणजे चरकांकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यापाशी, संपत. त्यामुळे उसाचे आवार लहान आणि लांबट असे. गाड्या एकामागे एक येत, रिकाम्या दुसऱ्या बाजूने निघत. व्यवस्थापकाचा बंगला, कामगारांच्या चाळी, दवाखाना, शाळा, सगळे भोंग्याच्या टप्प्यात. मळा, कारखाना आणि वसाहत ही एकच आखणी होती आणि तिचा कणा होता तो रूळ.

आतील यंत्रसामग्री बव्हंशी युरोपातून आलेली. मिल हाऊस हा भाग लांब असे, कारण ऊस पिळणाऱ्या तीन रुळांची एक मिल अशा चार-पाच मिली ओळीने बसत आणि चोथा एकीतून दुसरीत जाई. प्रत्येक मिलला किंवा मिलींच्या जोडीला आडव्या वाफेच्या इंजिनाचा जोर. इंजिन वेगाने फिरे, मिलचा रूळ मिनिटाला चार-पाच फेरे घेई. मधला वेग उतरवायला माणसाहून उंच दातेरी चाके लागत. त्यांचे पाये जमिनीत खोल, काळ्या दगडात आणि काँक्रीटमध्ये बांधलेले. त्यामुळे मिल हाऊसला दोन खण पडले, एक मिलींचा आणि त्याला समांतर इंजिनांचा. वाफ नळांतून दूर नेली की तिचा दाब आणि उष्णता दोन्ही उतरतात, म्हणून बॉयलर भिंतीला भिंत लावून. मिल, इंजिन, बॉयलर आणि बॉयलिंग हाऊस यांचा घट्ट पुंजका हे वाफेच्या काळातील कारखान्याचे खास लक्षण. पुढे वाफेच्या इंजिनाच्या जागी लहान टर्बाइन आले, खण तेच राहिले, दातेरी चाके मात्र बंद पेटीत गेली.

मिल हाऊसची उंची गाळपाने ठरत नाही, दुरुस्तीने ठरते. कोपरगावकडचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. गव्हाणीत मोळी टाकली की रात्रंदिवस गाळप, आणि हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग. त्या महिन्यांत प्रत्येक मिल उघडतात. वरची टोपी काढतात, काही टन वजनाचा वरचा रूळ साखळ्यांत अडकवून क्रेनने सरळ वर उचलतात, शेजारच्या मिलवरून पार करून टोकाला आणतात आणि वर्कशॉपकडे पाठवतात. तिथे झिजलेल्या खाचा पुन्हा कोरल्या जातात. उचललेला रूळ उभ्या मिलला न लागता जायला हवा, एवढ्या उंचीवर क्रेनची पटरी हवी, आणि छत त्या पटरीच्या वर. टोकाचा एक खण तर केवळ रूळ उतरवायला रिकामा सोडलेला असतो. गाळप पाहायला येणाऱ्याला ही उंची आणि ती रिकामी जागा उधळपट्टी वाटते; तिचा उपयोग जुलैत कळतो.

छपराचेही तसेच आहे. गाळपाचे महिने येथे कोरडे असतात, पावसापासून संरक्षण हवे असते ते पावसाळ्यात उघड्या पडलेल्या यंत्रांना. गाळपात छपराचे काम वेगळे, उष्णता आणि वाफ बाहेर सोडणे. म्हणून कण्यावर उचललेले दुसरे लहान छप्पर ठेवतात, ज्याच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते. कापडगिरणीचे करवतीच्या दातांसारखे उत्तराभिमुख काचेचे छप्पर येथे दिसत नाही, कारण विणकराला धाग्यावर सम उजेड लागे, तर साखर कारखान्याचे निम्मे काम रात्रीचेच. गंधकाच्या भट्ट्या मुख्य इमारतीला लागून पण बाहेरच्या पडवीत असतात. रस पांढरा करायला लागणारा गंधकाचा धूर पत्रा आणि लोखंड दोन्ही खातो.

इमारतीचा आणखी एक गुण पुढच्या इतिहासाला कारण झाला. भरलेला पॅन चाळीस-पन्नास टनांच्या घरात जातो. असे वजन भिंतीवर टाकता येत नाही. ते पोलादी खांबांवर आणि तुळयांवर जाते. सुरुवातीच्या इमारतींत जोते आणि खालच्या भिंती घडीव काळ्या दगडाच्या, वर पोलादी कैच्या आणि नालीदार पत्रे. पण खरा भार सांगाड्याचा, भिंत नुसती आडोशाची. त्यामुळे टोकाचा पत्रा उतरवायचा, दोन खांब पुढे रोवायचे आणि इमारत लांब करायची, हे सोपे झाले.

स्वातंत्र्यानंतर मळेवजा कारखान्याचा पाया गेला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये दिवसाला ५०० टन गाळपाने सुरू झाला. त्याच दशकात कोळपेवाडी येथे कोपरगाव सहकारी साखर कारखाना (आता कर्मवीर शंकरराव काळे यांच्या नावाचा) आणि पुढे सहजानंदनगर येथे शंकरराव कोल्हे यांच्या नेतृत्वाखाली संजीवनी कारखाना उभा राहिला. १९६१ च्या कमाल शेतजमीन धारणा कायद्याने कंपन्यांचे मळे काढून घेतले आणि ते १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेले. आता ऊस हजारो सभासदांच्या शेतांतून येणार होता, म्हणजे रुळांवरून नव्हे, बैलगाडीतून.

या बदलाचा वास्तूवरील परिणाम यंत्रांच्या परिणामाइतकाच मोठा आहे, तरी त्याकडे फार कमी लक्ष गेले आहे. रबरी टायरची बैलगाडी दोन टनांच्या आसपास ऊस वाहते. दिवसाला १२५० टन गाळायचे तर सव्वासहाशे गाड्या रोज यायला हव्यात, आणि त्या चोवीस तासांत समान अंतराने येत नाहीत. फडात दिवसभर तोड होते आणि गाड्या संध्याकाळी व रात्री लोटतात. गव्हाण मात्र अखंड चालायला हवी. या दोन वेळापत्रकांतला फरक जिरवणारी जागा म्हणजे गाडीतळ. त्याला शेकडो गाड्या आणि बैल मावतील एवढे क्षेत्र, नंबराचे टोकन देणारी खोली, भरल्या आणि रिकाम्या गाडीचे वेगळे वजनकाटे, बैलांना पाण्याचे हौद, सावलीला झाडे हवीत. शेजारी तोडणी मजुरांच्या कोप्यांचा तळ. वरून पाहिले तर सहकारी कारखान्यात मुख्य इमारतीहून गाडीतळच मोठा भरतो. गाडी गव्हाणीपाशी आली की मोळीखाली आधीच घातलेल्या साखळ्या क्रेनच्या आकड्यात अडकवतात, सबंध भारा उचलला जातो आणि एका बाजूची कडी सोडताच ऊस गव्हाणीत घसरतो. त्यासाठी गव्हाणीवर उंच पोलादी कमान आणि तीवरून दोन्ही बाजूंना धावणारी क्रेन आली. कारखान्याचे दर्शनी रूप ट्रॉलीच्या रुळाऐवजी आता ही कमान झाली.

नव्या कारखान्यांसाठी १२५० टन हे मापही काही काळ प्रमाण मानले जाई. यंत्रे देशात बनू लागली. वालचंदनगर आणि पिंपरीसारख्या ठिकाणी पूर्ण संच तयार होत. संच प्रमाणित झाला की इमारतही प्रमाणित होते. खांबांमधले अंतर, क्रेनचा पल्ला आणि पॅन मजल्याची उंची एकदा बसली की त्याच आराखड्यावर दुसरा कारखाना उभा राहतो. महाराष्ट्रातील त्या काळच्या सहकारी कारखान्यांत विलक्षण सारखेपणा आहे, तो यामुळे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नव्या परवान्यांसाठी २५०० टनांची क्षमता धरली जाऊ लागली आणि जुन्यांनाही वाढणे भाग पडले.

वाढ पाडून बांधण्याने झाली नाही, जोडत जाण्याने झाली. सहकारी कारखान्याला एक हंगामही बंद ठेवणे परवडत नाही. सभासदाचा उभा ऊस थांबत नाही. म्हणून प्रत्येक विस्ताराला एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच मुदत, त्यातही निम्मा पावसाळा. या सहा महिन्यांत टोकाची भिंत उघडून पाचवी-सहावी मिल बसवायची, बॉयलिंग हाऊसच्या कडेला दोन नव्या पॅनचे खण वाढवायचे, जुन्या गोदामाशेजारी नवे गोदाम बांधायचे. दगडी जोत्याला लागून पोलादी खांब, त्याला लागून रंगीत पत्र्याचा नवा खण, अशा थरांतून कारखान्याचे वय मोजता येते. सर्वांत अवघड जागा मिल हाऊस आणि बॉयलिंग हाऊस यांच्या सांध्यातली. तिथे चारही बाजूंनी काहीतरी उभे असते आणि वाढायला वाटच नसते. ज्यांनी मूळ आखणीतच वाढीच्या दिशा मोकळ्या ठेवल्या, त्यांना पुढच्या पिढीत फार कमी तोडमोड करावी लागली. कोणत्याही कारखान्याच्या आखणीत पहिल्या दिवसाच्या सोयीपेक्षा ही दूरदृष्टी अधिक मोलाची आहे.

यानंतरचा सर्वांत मोठा बदल वाफेच्या दाबाने घडवला. उसाच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बगॅस, म्हणजे पिळून उरलेला चोथा, निघते. जुन्या काळी तिचा प्रश्न विल्हेवाटीचा होता. कमी दाबाच्या, विटांच्या बांधकामात बसवलेल्या बॉयलरमध्ये ती जवळपास सगळी जाळली जाई आणि त्यातून कारखान्यापुरती वाफ व वीज मिळे. कारखान्यांची वीज विकत घेण्याची व्यवस्था झाली आणि हिशेब फिरला. चौरस सेंटिमीटरला ६७, ८७ किंवा ११० किलो दाबाची वाफ करून ती मोठ्या टर्बाइनमधून सोडली तर कारखाना चालवून वीज उरते. महाराष्ट्रात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून सहवीजनिर्मिती प्रकल्प झपाट्याने उभे राहिले.

उच्च दाबाचा बॉयलर जुन्या बॉयलर हाऊसमध्ये मावत नाही. तो कित्येक मजले उंच पोलादी चौकटीला वरून टांगलेला असतो. तापल्यावर लांब होणारे नळ खाली वाढावेत म्हणून. त्याला भिंती नाहीत, वर नावापुरते छप्पर. धूर ओढायला पंखे असल्याने ओढीसाठी उंच धुराड्याची गरज उरली नाही. धुराड्याची उंची आता प्रदूषण नियमांनी ठरते आणि त्याच्या अलीकडे राख पकडणारी मोठी पेटी येते. टर्बाइनला स्वतंत्र इमारत, तिला क्रेन, शेजारी ट्रान्सफॉर्मरचे कुंपण घातलेले आवार आणि वीज बाहेर नेणारे मनोरे. बगॅस आता धन झाल्याने तिला साठवणीची जागा हवी. दिवसाला ५००० टन गाळणाऱ्या कारखान्यात दीड हजार टनांच्या आसपास बगॅस निघते, आणि सैल बगॅस घनमीटरला सव्वाशे-दीडशे किलोच भरते, म्हणजे एका दिवसाचा ढीग दहा हजार घनमीटरचा. तो उचलून बॉयलरच्या माथ्यापर्यंत नेणारे तिरपे पट्टे कारखान्याच्या आकाशरेषेत नव्याने आले.

याच बदलाने जुना पुंजका सुटला. चरकांना आता टर्बाइनऐवजी विजेच्या मोटारी आणि थेट रुळाच्या दांड्यावर बसणारे प्लॅनेटरी गिअरबॉक्स जोडतात. इंजिनांचा समांतर खण रिकामा पडतो आणि बऱ्याच ठिकाणी तिथे विजेची पॅनेले बसवतात. उच्च दाबाची वाफ बॉयलरपासून टर्बाइनपर्यंतच जाते. पुढे बॉयलिंग हाऊसला हवी ती टर्बाइनमधून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ. तिचे आकारमान फार, म्हणून नळ जाड, आणि ते आवारावरून उंच घोडीवर ठेवून नेतात. बॉयलर शंभर मीटर दूर असला तरी चालते. एकेकाळी भिंतीला भिंत लावून उभे असलेले विभाग आज नळांच्या पुलांनी जोडलेले आहेत.

बॉयलिंग हाऊसचे कवचही उलगडत आहे. जुन्या पॅन मजल्यावर सगळे पॅन एका ओळीत, समोर एकच रुंद पट्टी. तिच्यावर पॅनमन फिरे. तो पॅनच्या अंगातल्या छिद्रातून सळईने थोडी राब काढी, काचेच्या पट्टीवर पसरी, दिव्यासमोर धरून रवा बघे, बोटांत चोळून दाटपणा घेई आणि त्यावरून पाक सोडायचा की वाफ कमी करायची ते ठरवी. सगळे पॅन त्याच्या चालण्याच्या टप्प्यात, म्हणून ती ओळ. त्याला छिद्रापाशी उभे राहता यावे, म्हणून मजल्याची ती पातळी. आता राबेचा दाटपणा संवेदक मोजतात आणि झडपा नियंत्रण कक्षातून चालतात. अखंड चालणारे उभे पॅन मनोऱ्यासारखे इमारतीबाहेर, उघड्यावर उभे करता येतात. आडव्या क्रिस्टलायझरची लांब दालने होती, तिथे बाहेर उभी थंडावणारी टाकी पुरते. काचेच्या भिंतींचा, वातानुकूलित नियंत्रण कक्ष ही या कारखान्यांतली तुलनेने नवी खोली. पॅनमनचे डोळे आणि बोटे पिढ्यांच्या अनुभवाने घडलेली होती. ते कौशल्य जिवंत आहे, पण इमारत आता त्याच्याभोवती आखली जात नाही.

साखरेसोबत मद्यार्काचे उत्पादन आले, त्याने वेगळाच नियम घालून दिला. साखर विभागात माल जवळजवळ ठेवायचा, डिस्टिलरीत लांब लांब. मद्यार्काची वाफ पेट घेते, म्हणून ऊर्ध्वपातनाचे मनोरे उघड्या सांगाड्यात, टाक्या बंधाऱ्याच्या आत आणि एकमेकींपासून अंतर राखून, आणि सगळ्याभोवती उत्पादन शुल्क खात्याच्या देखरेखीचे कुंपण. सांडपाण्याने तर जमिनीचा नकाशा तीनदा बदलला. आधी मोठी उघडी तळी, मग बायोगॅसच्या घुमटाकार टाक्या, आणि आता सांडपाणी आटवून ते बगॅसबरोबर जाळणारा स्वतंत्र बॉयलर. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर उसाचा रस आणि साखर पूर्ण न काढलेली बी-हेवी मळी थेट इथेनॉलकडे वळवता येऊ लागली. त्यामुळे रसाची वाट बॉयलिंग हाऊसच्या मध्यावर फुटते आणि काही पॅन व सेंट्रिफ्युगल यंत्रे हंगामातही थांबलेली असतात. साकरवाडीत हा प्रवास पूर्ण झाला आहे. तिथे आता ऊस गाळला जात नाही. गोदावरी बायोरिफायनरीज त्या जागी इथेनॉलपासून रसायने बनवते. उसाचा कारखाना वर्षातले सहा महिने चालतो, रसायनांचा बारा महिने; त्यामुळे तेथे दुरुस्तीसाठी मोकळे सोडलेले खण आणि उसाचे आवार यांचा मूळ हेतू उरलेला नाही.

सध्याचा बदल पुन्हा उसाच्या आवारात आहे. तोडणी मजूर कमी पडू लागल्याने ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत. ती ऊस अखंड न ठेवता वीतभर लांबीचे तुकडे करतात. तुकड्यांच्या भाऱ्याखाली साखळी घालता येत नाही, त्यामुळे क्रेनची कमान निरुपयोगी ठरते; त्यासाठी ट्रॉली एका बाजूला उलटवणारा हायड्रॉलिक टिप्लर लागतो. शिवाय तुकड्यांच्या उघड्या टोकांतून साखर लवकर उतरते, म्हणून हा ऊस तासन् तास तळावर थांबवता येत नाही. त्याला रांग न लावता थेट गव्हाणीकडे सोडणारा वेगळा रस्ता आणि वेगळा काटा द्यावा लागतो. बैलगाडी, ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या, ट्रक आणि यंत्राचा ऊस असे चारही प्रकार आज एकाच वेळी येतात. परिणामी, अशा कारखान्यांत एकाच गव्हाणीवर एका अंगाला साखळीची क्रेन आणि दुसऱ्या अंगाला टिप्लर अशी दुहेरी मांडणी येऊ लागली आहे, आणि गाडीतळाचा काही भाग ट्रॅक्टर वळवण्यासाठी पक्का करून घेतला जात आहे.